अनुभव धागा : तुम्ही दिलेली, टिपलेली किंवा अंगावर आलेली बातमी

डेस्कवाला (धागाकर्ता)

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला मोजला गेला तो ७३. बऱ्याच वर्तमानपत्रांची कार्यालयं तेव्हा कुलाब्याच्या बाजूच्या पावसात होती. मी त्यातल्याच एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या संपादित करणाऱ्या विभागात, होतो आणि आमच्या खिडकीतून पावसाळ्यातला साधा दिवस दिसत होता. कुर्ल्यात, कलिन्यात, मिठी नदीच्या काठाला काय चाललंय हे आम्हाला वाचकांच्या फोनवरून कळायला लागलं. बातमीदार निम्मे अडकलेले, उरलेल्यांना पाठवायचं कसं हा प्रश्न. पुढचे दोन दिवस लोकांनी आणून दिलेल्या फोटोंवर पानं लागली.

हे झालं कौतुक. त्याच आठवड्यात, २८ जुलैच्या रात्री, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत धरण फुटल्याची अफवा पसरली आणि चेंगराचेंगरीत डझनाहून जास्त माणसं गेली. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, स्मार्टफोन नव्हते. ज्या तोंडातोंडी जाळ्याने शेजाऱ्यांना गच्चीवर घेतलं, खिचडी खाऊ घातली, त्याच जाळ्यातून ही अफवाही फिरली.

'नागरिक पत्रकारिता', म्हणजे पत्रकार नसलेल्यांनी बातमी देणं, म्हटलं की चर्चा लगेच 'पत्रकार हवेत की नकोत' या आखाड्यात जाते. तिथे मला जायचं नाही. मला अनुभव हवे आहेत. तुम्ही बातमी दिली असेल, तुमच्यावर कुणी कॅमेरा धरला असेल, तुमच्या डोळ्यांसमोर काही घडलं आणि छापून भलतंच आलं असेल, तर लिहा. आणि शक्यतो पुढे काय झालं तेही लिहा, कारण डेस्कवर राहून मला नेहमी तिथेच अडखळायला झालं. पहिल्या दिवशी सगळे असतात. आठव्या दिवशी कोण असतं?

खासगी माणसांची नावं देऊ नका. ज्यांच्याशी भांडण चालू आहे त्या कचेऱ्यांचीही नकोत.

वाशिष्ठीकाठचा

चिपळूण, २२ जुलै २०२१. पहाटे पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा जुनी माणसं म्हणाली, २००५ च्या खुणेपर्यंत येईल आणि थांबेल. थांबलं नाही. आम्ही वरच्या मजल्यावर होतो म्हणून वाचलो. वीज गेली, दुपारनंतर नेटवर्क गेलं, मग मधूनच एखादी कांडी यायची आणि तेवढ्यात जे जाईल ते जाईल.

त्या दिवशी सगळ्यात चांगली बातमीदारी माझ्या चुलतबहिणीने केली, आणि ती होती डोंबिवलीत. शाळेच्या वहीत तिने रकाने आखले होते: भाग, कोण बोललं, किती वाजता, पाणी कशाला टेकलंय, वर किती माणसं, त्यात म्हातारं किंवा आजारी कोण. "आमच्याकडे खूप पाणी आलंय" असा निरोप आला की ती फणकारायची, "खूप म्हणजे? जिन्याची कितवी पायरी?" पायरीचा आकडा दिला की तासाभराने पुन्हा विचारायची, आणि त्यावरून चढतंय की उतरतंय ते कळायचं. व्हिडिओ तर ती उघडायचीच नाही. वेळ माहीत नसलेला व्हिडिओ म्हणजे तिच्या लेखी कालचं वर्तमानपत्र. वहीची पानं फोटो काढून ती बोटी घेऊन येणाऱ्या मदतपथकाच्या ओळखीच्या माणसाकडे पाठवत होती.

रात्री एक व्हॉइस नोट फिरली. धरण फुटलंय, मी स्वतः बघून आलोय, पोराबाळांना घेऊन डोंगरावर चला. आवाज इतका खात्रीचा की माझ्या आईने देवाजवळचा दिवा उचलून पिशवीत घातला. बहिणीने काय केलं, तर कोळकेवाडी धरणाजवळ अलोऱ्याला राहणाऱ्या मैत्रिणीला लँडलाइन लावला. मैत्रीण म्हणाली, आम्ही धरणाच्या उशाशी आहोत, आम्ही अजून जेवलो नाही एवढंच. विषय संपला. आता विचार करा, त्या अंधारात पन्नास घरं खाली उतरली असती तर.

चिपळूण आगाराचे व्यवस्थापक तिकिटांची रोकड सांभाळत एसटीच्या टपावर तासन्‌तास बसून होते, हे मात्र आम्हाला नंतर पेपरात वाचून कळलं. हाकेच्या अंतरावर घडलं, आणि आम्ही 'ऑन द स्पॉट' असून पत्ता नाही. आपल्या जिन्यापुरतंच आपल्याला दिसतं.

अवांतर: २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर मगर चालतेय असा व्हिडिओ आला, तेव्हा पुण्यामुंबईच्या नातेवाइकांनी 'फेक आहे, एआय आहे' म्हणून आम्हालाच शिकवलं. ती खरी होती हो. शिव नदीत मगरी आहेत हे आम्ही लहानपणापासून बघतोय.

ग्रामसेवक_निवृत्त

मी दुसऱ्या बाजूचा. बातमी अंगावर आलेला.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत तालुक्यात यूट्यूब चॅनेलांचं पीक आलं. बूमवर, म्हणजे माइकवर, स्वतःच्या चॅनेलचा लोगो, गाडीच्या काचेवर 'प्रेस', गळ्यात ओळखपत्र, आणि ओळखपत्रावर सही त्यांचीच, कारण संपादकही तेच. कचेरीत शिरताना कॅमेरा चालू. "घरकुलाच्या यादीत घोटाळा आहे असं ग्रामस्थ म्हणतात, आपण काय सांगाल?" मी म्हणायचो, कोणते ग्रामस्थ, कोणतं घरकुल, कितव्या हप्त्याचं, सांगा, रजिस्टर काढतो. रजिस्टर त्यांना नको असायचं. त्यांना माझा चेहरा हवा असायचा, घाम पुसताना. मग कॅमेरा बंद व्हायचा आणि १५ ऑगस्टच्या शुभेच्छा जाहिरातीचं दरपत्रक टेबलावर यायचं. एकाने तर सरळ विचारलं, "साहेब, बातमी लावू की जाहिरात?"

पण मग त्याच गावातल्या एका पोराचं सांगायलाच हवं, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. बारावीत होता. त्याचं ना चॅनेल, ना लोगो. पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीत जाऊन त्याने पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरच्या पोत्याचा फोटो काढला. नुसत्या पोत्याचा नाही, पोत्यावर छापलेल्या तारखेचा. मुदत कधीच उलटून गेलेली. गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली एकच ओळ: 'ओटी टेस्टचं रजिस्टर बघायला मिळेल का?' (पाण्यात क्लोरीन आहे की नाही ते बघायची चाचणी.) आरडाओरड नाही, कुणाला चोर म्हटलं नाही. माझ्याकडे उत्तर एकच होतं, नवं पोतं. ते आलं. तो पुढच्या सोमवारी रजिस्टर बघायला आला, त्याच्या पुढच्याही आला. दोन महिन्यांनी पाणीपुरवठ्याचा शिपाई त्याला लांबून बघूनच कपाटाची किल्ली काढायला लागला.

बूमवाल्यांना मी कधी घाबरलो नाही. या पोराला मात्र घाबरून होतो.

तालुका_प्रतिनिधी

ग्रामसेवक साहेब, पटलं, पण आमची बाजूही ऐका. मी दैनिकाचा तालुका प्रतिनिधी. मानधन इतकं की ते सांगायची लाज मला नाही, देणाऱ्याला वाटावी. पेट्रोल घरचं. वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिरातीचं टार्गेट, ते याच सरपंचांकडून आणि याच साहेबांकडून पूर्ण करायचं. म्हणजे 'बातमी की जाहिरात' हा प्रश्न यूट्यूबवाल्याने शोधून काढलेला नाही. तो आमच्याकडूनच शिकला, फक्त विचारताना आवाज खाली घ्यायला शिकला नाही.

त्या बारावीच्या मुलाला टार्गेट नव्हतं. म्हणून तो करू शकला. आणि म्हणूनच तो हे आयुष्यभर करू शकणार नाही. पोटापाण्याला लागला की सोमवार संपले.

ग्रामसेवक_निवृत्त

बरोबर. तो आता चाकणला कंपनीत आहे. ओटी टेस्टचं काय चाललंय मला माहीत नाही.

साक्रीची मास्तरीण

रहायचं धुळ्याला, नोकरी साक्री तालुक्यात. त्यामुळे राईनपाड्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिण्याआधी मी लिहिते.

१ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे, 'मुलं पळवणारे' समजून पकडले गेले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत मारले गेले. पाचही जण मेले. त्याआधी कित्येक दिवस जिल्ह्यात मेसेज फिरत होते की मुलं पळवून किडन्या काढणारी टोळी आली आहे. त्या वर्षी देशभर फिरलेल्या क्लिपांतली एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जाहिरात होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात आणि शेवटी परत आणून ठेवून पाटी दाखवतात. ती पाटी कापली की उरतं ते अपहरण.

हे सगळं पेपरात आलं. न आलेली गोष्ट अशी: माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया ते मेसेज 'बातमी' म्हणूनच पाठवत होत्या. काळजीपोटी. "मॅडम, खरं-खोटं माहीत नाही, पण सावध राहिलेलं बरं." या एका वाक्याने किती मेसेज पुढे गेले असतील. त्यांच्या डोक्यात त्या गावाची सेवाच करत होत्या. नागरिक पत्रकाराचं वर्णन तरी वेगळं काय असतं? आपल्या माणसांना आधी कळावं म्हणून आपणहून केलेली धडपड. आणि मारहाणीचंही लोकांनी मोबाइलवर शूटिंग केलं. ते व्हिडिओ पुढे तपासात पोलिसांच्या उपयोगी पडले असं आपण म्हणतो, पण ज्यांनी ते काढले ते त्या क्षणी काय करत होते हा प्रश्न मला सोडत नाही. इतके हात वर होते, त्यातला एकही हात मध्ये पडायला रिकामा नव्हता.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. शाळेत आम्ही मुलांना ती कराचीची पूर्ण क्लिप दाखवली, पाटीसकट. पहिल्यांदा कापलेली, मग पूर्ण. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ही आमच्या आईला दाखवा ना." पालकसभेत दाखवली. आया आल्या. वडील नेहमीप्रमाणे कमी होते, आणि बाजारात त्या दिवशी होते ते वडील.

पश्चिम_रेल्वेचा_गुलाम

थोडक्यात लिहितो, लोकलमध्ये आहे.

एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्याआधी त्या पुलाबद्दल प्रवाशांनी फोटोंसकट ट्वीट केलेले होते. पूल अरुंद आहे, गर्दीत कधीतरी जीव जातील, अशा शब्दांत. दुर्घटनेनंतर चॅनेलांनी ते जुने ट्वीट शोधून काढून दिवसभर दाखवले. म्हणजे बातमी आधीच दिलेली होती. देणारे होते, छायाचित्रं होती, ज्याला द्यायची त्याला टॅग केलेलं होतं. फक्त माणसं मेलेली नव्हती, त्यामुळे ती बातमी झाली नाही.

नंतर लष्कराने काही महिन्यांत नवीन पूल बांधला, फेब्रुवारी २०१८ मध्ये खुलाही झाला. त्यामुळे कुणी 'लोकांनी आवाज उठवला की काम होतं' असं लिहिलं की मी विचारतो, कितव्या आवाजाला?

मिनेसोटाकर

इथली एक गोष्ट. मी मिनियापोलिसच्या उपनगरात राहते.

२५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइड मेला, त्या रात्री पोलिसांनी काढलेल्या पत्रकाचा मथळा साधारण असा होता: पोलिसांशी संपर्क येत असताना वैद्यकीय कारणाने एका माणसाचा मृत्यू. गुडघ्याचा उल्लेख नाही, मानेचा नाही. सकाळी मी ते वाचलं असतं तर पुढच्या बातमीकडे वळले असते. पण डार्नेला फ्रेझर नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीने फुटपाथवर उभं राहून सगळं टिपलं होतं आणि रात्रीच फेसबुकवर टाकलं होतं. मग ते पत्रक कुणी वाचलं नाही. २०२१ मध्ये पुलित्झरच्या मंडळाने तिला विशेष सन्मान दिला.

तिने तर्क लढवले नाहीत, 'हा कोण, तो कोण' असं काही शोधायला गेली नाही. मोबाइल धरून ठेवला. त्याच्या उलट उदाहरण बॉस्टनचं. २०१३ च्या मॅरेथॉन स्फोटांनंतर इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी गर्दीचे फोटो चाळून 'संशयित' ठरवले, त्यात एका बेपत्ता भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याचं नाव आलं. त्याचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. तो आधीच गेलेला होता, आणि त्याला शोधणाऱ्या घरच्यांना लोकांनी तो दहशतवादी असल्याचं ऐकवलं. डोळ्यांसमोरचं टिपणं आणि घरी बसून गुन्हेगार शोधणं या दोन्हींना आपण एकच नाव देतो, इथे माझा वाद आहे.

आणि एक. सन्मान वगैरे ठीक, पण त्या मुलीने नंतर सांगितलंय की तिला झोप लागत नसे. वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराला निदान सुट्टी मिळते.

बघ्या

या धाग्यावर व्यावसायिक माध्यमांना फार सोवळं समजू नये म्हणून एक आठवण. २६/११ च्या वेळी ताज आणि ट्रायडंटबाहेरून थेट प्रक्षेपण कोण करत होतं? नागरिक नव्हे. कसाब खटल्याच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या त्या वार्तांकनावर सडकून टीका केली आहे. हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणारे पाकिस्तानात बसून टीव्ही बघत होते. संपादक असून हे झालं.

डेस्कवाला

बघ्या, मान्य. संपादक असला म्हणजे अक्कल असतेच असं नाही. पण निदान निकालपत्रात ज्याच्यावर ताशेरे मारता येतील असं कुणीतरी असतं. फॉरवर्डला तेवढंही नसतं.

कोथरूडची_एक

एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. आम्ही काही मैत्रिणी बेडची यादी चालवत होतो. कुणी नेमलेलं नव्हतं, घरातच होतो, फोन होते, म्हणून.

सुरुवातीला जे येईल ते पुढे पाठवत होतो. 'ऑक्सिजन बेड उपलब्ध', खाली नंबर. फोन केला की बंद, किंवा 'हा नंबर चुकीचा आहे, सकाळपासून दोनशे लोकांनी उठवलंय.' मग ठरलं, स्वतः फोन केल्याशिवाय टाकायचं नाही, आणि टाकताना वेळ लिहायची. 'व्हेरिफाइड' शब्दाला तारीखच काय, मिनिटंही लागतात हे तेव्हा कळलं. ४.२० ला असलेला बेड ४.४० ला नसायचा. जुन्या यादीतल्या ओळी खोडणं हे नवीन ओळी लिहिण्याएवढंच काम होतं, आणि ते कुणाला करायचं नसायचं. खोडण्याला लाइक मिळत नाहीत.

वरती चिपळूणकरांच्या बहिणीच्या वहीबद्दल वाचलं आणि तिला भेटावंसं वाटलं.

जे आम्ही विचारात घेतलं नव्हतं ते असं. पेशंटच्या नातेवाइकांचे नंबर आम्ही आणि आमच्यासारख्या शेकडो लोकांनी उघड्यावर टाकले. नवऱ्यासाठी प्लाझ्मा शोधणाऱ्या एका बाईला महिनाभर रात्री घाणेरडे फोन येत होते. इंजेक्शन देतो म्हणून आगाऊ पैसे घेऊन गायब होणाऱ्यांनी गिऱ्हाइकं या याद्यांमधूनच उचलली. पुढे आम्ही नंबर उघडे टाकणं बंद केलं, मधे एक माणूस ठेवला. वेग कमी झाला. काही जणींना ते पटलं नाही, त्यांचं म्हणणं होतं की इथे मिनिटांचा प्रश्न आहे. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. भांडण झालं, ग्रुप फुटला, दोन्ही ग्रुप चालू राहिले.

कोरचीवाला

गडचिरोलीतून लिहितो आहे, रेंज असेपर्यंत.

आमच्या पलीकडे, छत्तीसगडात, २०१० पासून सीजीनेट स्वरा म्हणून एक प्रकार चालू झाला. शुभ्रांशु चौधरी या पत्रकाराने सुरू केलेला. स्मार्टफोन लागत नाही, लिहिता यावं लागत नाही. साध्या मोबाइलवरून फोन करायचा आणि आपली गोष्ट सांगायची, गोंडीत, हिंदीत, जमेल तशी. ती आधी कुणीतरी तपासतं, मग इतरांना फोनवर ऐकता येते. माझ्या आत्याचं घर तिकडे आहे, तिच्याकडे मी पहिल्यांदा ऐकलं. हातपंप बंद आहे, रोजगार हमीची मजुरी अडली आहे, मास्तर येत नाही. आणि शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबर. बोलणाराच तो वाचून दाखवतो आणि म्हणतो, ऐकणाऱ्यांनी साहेबांना फोन करावा. मग कुठून कुठून, दिल्लीहूनसुद्धा लोक फोन करतात. साहेब वैतागून हातपंप दुरुस्त करतो. मग तोच गाववाला पुन्हा फोन करून सांगतो, झाला दुरुस्त, धन्यवाद.

ही दुसरी फोन-फेरी मला सगळ्यात आवडली. डेस्कवाले काका विचारत होते ना, आठव्या दिवशी कोण असतं? ज्याचा हातपंप आहे तो असतो. तो कुठे जाणार?

आपल्या मराठी पेपरांत आमच्या जिल्ह्याची बातमी म्हणजे चकमक. त्यातही मेलेल्यांचा आकडा. बोलणाऱ्याचा आवाज कधी ऐकलाय? पण एक खरं सांगायला हवं, या पद्धतीने हातपंप सुटतो, खाणीचा प्रश्न सुटत नाही. खाणीबद्दल आपल्या नावाने, आपल्या आवाजात, आपल्या नंबरवरून बोलायला माणूस दहादा विचार करतो, कारण त्याला त्याच गावात रहायचं आहे. शहरातून आलेला बातमीदार संध्याकाळी परत जातो. त्याचं ते परत जाणं आम्ही नावं ठेवून सांगतो, पण तेच त्याचं संरक्षणही असतं.

काळा_कोट (नागपूर)

फुकट सल्ला, म्हणून जपून वापरा.

पोलीस ठाण्यात मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं म्हणून शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल होण्याचे प्रकार घडतात. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वर्ध्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की त्या कायद्यातल्या 'निषिद्ध ठिकाणा'च्या व्याख्येत पोलीस ठाणं बसत नाही. याचा अर्थ ठाण्यात जाऊन वाटेल ते करा असा नाही. सरकारी कामात अडथळ्याचं कलम आहेच, आणि ते फार सढळ हाताने लागतं.

बदनामीबाबत लोकांचा एक गोड गैरसमज असतो: 'खरं आहे ते टाकलं, मला कोण काय करणार?' फौजदारी बदनामीत नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं. शेजाऱ्याचं लफडं खरं असेल, लोकहित काय त्यात?

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव, फोटो, घर, शाळा, काहीही ज्यातून ओळख पटेल ते टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. लहान मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम २३. 'न्याय मिळालाच पाहिजे' लिहून मुलीचा फोटो फिरवणारे अर्धे ग्रुप या गुन्ह्यात बसतात. पेपरात डेस्क नावाचा प्राणी तेवढं तरी कापतो.

उलट बाजूही सांगतो. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, एकीने लिहिली, दुसरीने लाइक केली. त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ६६-अ कलमाविरुद्धची गाजलेली याचिका उभी राहिली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. पत्रकाराला पकडलं तर पत्रकार संघ निवेदन घेऊन तहसीलदाराकडे जातो. तुमच्यासाठी कोण जाणार ते पोस्ट टाकण्याआधी ठरवून ठेवा. आणि व्हिडिओ काढायच्या आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाकून बघा. दहा रुपये लागतात, आणि मिळालेल्या कागदावर त्यांचाच शिक्का असतो.

आंबेगावकर

आमच्या तालुक्यातल्या (पुणे जिल्हा) माळीण गावाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला, दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या ड्रायव्हरमुळे. नेहमीच्या रस्त्याने गाडी घेऊन गेला आणि जिथे गाव दिसायला हवं तिथे चिखल. त्याला कुणी नागरिक पत्रकार म्हणणार नाही, पण रोज त्याच रस्त्याने जाणारा होता म्हणून त्याला 'गाव नाही' हे दिसलं. मी पहिल्यांदा जात असतो तर मला डोंगराचा उतारच दिसला असता.

पनवेलची_वाचक

सगळं वाचून काढलं. एक व्यावहारिक प्रश्न. आमच्या सोसायटीमागच्या नाल्यात रात्री टँकर येऊन रसायन ओततात. वास येतो, सकाळी पाण्याला रंग असतो. माझ्याकडे बाल्कनीतून काढलेले फोटो आहेत. नंबरप्लेट एकदा नीट आली आहे. ग्रुपवर टाकले तर 'अरे बापरे' आणि हात जोडलेल्या इमोजी आल्या, आणि दुसऱ्या दिवशी टँकर आलाच नाही, म्हणजे ग्रुपमधलंच कुणीतरी फुटलं असावं. तक्रार करायची आहे. फोटो पुरतील का?

काळा_कोट (नागपूर)

मूळ फाइल फोनमध्ये आहे ना? पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो आक्रसतो आणि वेळेची आतली नोंद निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. तक्रार लेखी, पोच घेऊन, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि महापालिका दोघांनाही.

वाशिष्ठीकाठचा

आणि एका वहीत लिहायला लागा ताई. तारीख, वेळ, वास कसला, पाण्याचा रंग, वारा कुठून. टँकर न आलेल्या रात्रीही लिहा.

तालुका_प्रतिनिधी

नंबरप्लेटचा फोटो ग्रुपवर पुन्हा टाकू नका. वही महिनाभर भरली की मला व्यक्तिगत निरोप करा, पनवेल-तळोजा बघणारा आमचा एक वार्ताहर आहे, त्याच्याशी गाठ घालून देतो. तोही जाहिरातींच्या टार्गेटखाली आहे, आधीच सांगून ठेवतो.

पनवेलची_वाचक

करते. दोन घरं सोडून राहणाऱ्या आजींना रात्री झोप येत नाही, त्या बाल्कनीतच असतात. वही त्यांच्याकडे देते. फोटो मी काढेन.